उठवायचं राहिलं

शहाऐंशी सालचा फेब्रुवारी लागला आणि जमिनीचा दगड झाला. कॉव्हेंट्रीच्या बाहेर, बस संपते तिथून पुढे दीड मैल चाललं की स्टॅन म्हाताऱ्याचं सहा एकराचं रान लागायचं. त्यात दोन एकर लीक उभे होते. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, मनगटाएवढा जाड. ऐन थंडीत उपटायचं पीक. पण उपटायचं कसं? सुलक्षणाने खणायचा दातेरी फोर्क रोवला की टण्णकन आवाज यायचा आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत चढायच्या. जोर लावून ओढावं, तर पात हातात यायची आणि बूड जमिनीतच राहायचं. सकाळभर नवराबायको खपली तरी एक क्रेट भरत नव्हतं.

पद्माकरची फॅक्टरी बंद पडली त्याला चार वर्षं झाली होती. त्यातली दोन त्याने घरात बसून काढली, खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत. मग एके दिवशी बसमध्ये सुलक्षणा लेकीवर, मीनलवर, मराठीत डाफरत होती, तेव्हा पुढच्या सीटवरची गोरी म्हातारी वळली आणि म्हणाली, "भाजी ताजा हाय काय?" सुलक्षणा तोंडाचा आ करून बघतच राहिली. म्हातारीचं नाव यानिना. स्टॅनची बायको, दोघंही पोलंडची. लढाईच्या दिवसांत निर्वासितांबरोबर फिरत फिरत ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाच वर्षं राहिली होती. सुलक्षणाचं माहेर तिथून दोन कोसांवर. त्याच बसमध्ये म्हातारीने विचारलं, "काम करतो काय, तुझा मालक?" पुढच्या महिन्यात तिघं स्टॅनच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली.

यानिनाबाई तिला 'पानी सुला' म्हणायच्या. पानी म्हणजे त्यांच्यात बाई. पहिल्या आठवड्यात सुलक्षणाने चार वेळा पाण्याचा ग्लास भरून नेला होता. त्या घराच्या रीती तिला परक्या वाटल्या नाहीत. उंबऱ्यावरून हातात हात द्यायचा नाही, आत या नाहीतर बाहेर थांबा. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून ओठाला लावायचा. बाहेर निघाल्यावर विसरलेलं घ्यायला परत आलात, तर क्षणभर बसायचं आणि मग निघायचं. पद्माकर हसायचा. "तुझ्या आजीला इथं नोकरी लागली असती," म्हणायचा.

स्टॅन मोठा कमी बोलणारा. इटलीतल्या लढाईत तोफेने त्याचा डावा कान नेला होता, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन उभं राहावं लागे. पद्माकरला मात्र त्याने माणूस मानलं. शिव्या दिल्या, शिकवलं, आणि सकाळी सहाला दारावर काठी आपटून उठवलं. पद्माकर पुन्हा ताठ चालायला लागला ते त्या काठीने.

जानेवारीत बाईंचं कमरेचं हाड मोडलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्टॅनच्या छातीत कफ झाला आणि तो हॉस्पिटलला जायला तयार होईना. त्या तीन रात्री पद्माकर काचघरात पॅराफिनचे, म्हणजे रॉकेलचे, हीटर सांभाळत जागला. रोपं गेली असती तर वर्ष गेलं असतं. चौथ्या दिवशी सकाळी तो बुटांसकट पलंगावर पडला आणि तासाभराने, दहाच्या सुमाराला, स्टॅन गेला.

सुलक्षणा उशाशीच होती. बाईंनी नवऱ्याचे डोळे मिटले, घड्याळाचा लंबक हाताने धरला, आरशावर टॉवेल टाकला. रडल्या नाहीत. कुबडीवर वळून म्हणाल्या, "पानी सुला, घरात कोण झोपला?"

"का हो?"

"मालक निघतो तेव्हा सगळे उठून उभे पाहिजेत. जो झोपतो त्याला तो कामाला घेऊन जातो. जा, उठव."

सुलक्षणा मागच्या खोलीत गेली. पद्माकर तोंड उघडं टाकून झोपला होता. हाताच्या भेगांत पॅराफिनचं काळं बसलेलं, पापण्या सुजलेल्या. तिने खांद्याला हात लावला. तो कण्हला आणि लहान पोरासारखा भिंतीकडे वळला. तीन रात्रींचा जागा माणूस. तिचा हात तिथेच थांबला. मेलेल्याला काय कळतंय, तिला वाटलं. जिवंताला झोपू दे.

परत येऊन ती म्हणाली, "उठवलं. सगळी जागी आहेत."

दुपारी अंडरटेकरची माणसं आली, शवपेटी घेऊन गेली. जाताना त्यांनी बाईंच्या सांगण्यावरून पेटी उंबऱ्यावर तीनदा टेकवली. ठक, ठक, ठक. मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला, आणि बाईंनी मान वर करून सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने चुलीवरची किटली उगाच इकडची तिकडे केली.

मग दुसरं काम निघालं. मालक गेल्याचं कोंबड्यांना, मधमाश्यांना, बियाण्यांना सांगायचं. नाहीतर मधमाश्या मरतात, बी उगवत नाही. बाईंना बर्फावरून कुबडी घेऊन जाता येईना. त्यांनी पोलिश शब्द शिकवले, सुलक्षणाने दहादा घोकले, आणि अंगणातल्या वाऱ्याने पहिल्याच झटक्याला ते उडवून नेले.

सहा पेट्या होत्या मधमाश्यांच्या, कुंपणाकडेला, गोणपाटात गुंडाळलेल्या. पहिल्या पेटीपुढे ती उभी राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी तिला लाज वाटली. तिने तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, "बायांनो, तुमचा मालक गेला. आता बाईंकडे राहा."

आतून गुंगुं असा आवाज उठला. खोलवरून, पुष्कळ जणींनी तोंड मिटून हुंकार दिल्यासारखा. उठला आणि बसला. सुलक्षणाच्या मानेवरचे केस उभे राहिले. सहाही पेट्यांनी असाच हुंकार दिला. मग खुराड्यातल्या कोंबड्यांना सांगून ती बियाण्याच्या खोलीत गेली आणि प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी हलवून, उचलून परत ठेवली. प्रत्येकाला तेच सांगितलं. बाहेर आली तेव्हा बोटं बधिर झाली होती, पण मन हलकं होतं. सगळ्यांना सांगून झालं, असं तिला वाटलं.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि दुसरंच संकट आलं. पाणी जाईना. खालच्या अंगाच्या लीकमध्ये घोट्याएवढा चिखल साचला, बुडं सडायला लागली, वास सुटला. जमिनीखाली कुठेतरी जुने मातीचे पाइप होते पाणी काढायला, पण कुठे, ते एकट्या स्टॅनला ठाऊक. पद्माकरने चार दिवस जागोजाग खणलं. पाचव्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये गोणपाटावर बसल्या बसल्या झोपला. सुलक्षणा त्याला चहा द्यायला आली तेवढ्यात तो उठला, तिच्याकडे न बघता खोरं उचललं आणि तरातरा चालत गेला. कुंपणाच्या झुडपांपासून पावलं मोजली. खणायला लागला. छातीएवढ्या खोलीवर तांबडा पाइप लागला, वाळुंजाच्या मुळांनी गच्च भरलेला. त्याने मुळं ओढून काढली, वेणीसारखी लांबच लांब. आणि पाणी गडगडत निघालं.

"अहो, कसं कळलं तुम्हाला?"

"स्टॅनने सांगितलं."

"कधी?"

पद्माकरने कपाळावरचा चिखल पुसला. "आत्ता," म्हणाला, आणि हसला. सुलक्षणाही हसली. पीक वाचलं होतं.

त्यानंतर तो रोज दुपारी झोपायला लागला. आधी अर्धा तास. उठला की काहीतरी ठाऊक असायचं. वाटाणा कुठल्या वाफ्यात, शेडच्या मागे कुठे जुनी कुदळ गाडलेली आहे, कुठल्या डब्यातलं बी जुनं झालं. सगळं खरं निघायचं. शेजारचा गोरा शेतकरी कुंपणावरून म्हणाला, तुझा नवरा मातीतला माणूस आहे. पद्माकरचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत कुणी त्याच्याबद्दल असं बोललं नव्हतं.

मग अर्ध्या तासाचे दोन झाले, दोनाचे चार. ईस्टरला बाईंनी टोपलीत अंडी, मीठ, पाव आणि मुळ्यासारखं एक तिखट मूळ घालून चर्चमध्ये आशीर्वादाला पाठवलं, परत आल्यावर एका अंड्याच्या फोडी करून प्रत्येकाच्या हातावर ठेवल्या. पद्माकरला ती फोड खाण्यासाठी जागं करावं लागलं. सुलक्षणा डावीकडून हाक मारत होती, त्याला ऐकूच येत नव्हतं. मीनल उजवीकडून गेली आणि एका हाकेत त्याने डोळे उघडले. सुलक्षणाने अंड्याची फोड तशीच हातात धरली. तिने बाईंकडे पाहिलं. बाई ताटलीतल्या मिठाकडे बघत होत्या.

"आई, डॅड इज नॉट राइट," मीनल त्या संध्याकाळी म्हणाली. ती अठराची होती, कॉलेजला जायची. "मी त्याला शेक केलं, तो उठलाच नाही. त्याचा हात एकदम थंडी होती. डॉक्टरला ने ना."

नेलं. डॉक्टरने रक्त तपासलं. रक्तात काही नव्हतं. नोकरी गेलेल्या माणसांचं असं होतं, तो म्हणाला आणि गोळ्या दिल्या. गोळ्या डबीतच राहिल्या, कारण पद्माकरला मुळी आपल्याला काही झालंय असं वाटतच नव्हतं. "अगं, काम आहे मला," तो म्हणायचा. "तो खोळंबलाय." आणि डोळे मिटायचा. झोपेत त्याची बोटं वाकायची, काहीतरी धरल्यासारखी. नखांत ओली माती असायची. सकाळी तिने स्वतः साबण लावून धुतलेल्या नखांत. सुलक्षणा शेजारी बसून त्याच्या नाकाशी स्टीलची वाटी धरायची. वाटीवर वाफ धरली की उठून रानात जायची. तिच्या एकटीच्या जिवावर आता पेरणी चालली होती.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी सुतळीचा गुंडा संपला म्हणून ती घरात आली. पद्माकरला तिने मागच्या खोलीत पलंगावर सोडलं होतं. पलंग रिकामा होता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. तिने फटीतून पाहिलं.

चुलीजवळ स्टॅनची खुर्ची होती. तो गेल्यापासून तीत कुणी बसलं नव्हतं. पद्माकर तीत झोपला होता, गुडघ्यांवर स्टॅनची चौकड्यांची घोंगडी, मान मागे टाकलेली. बाई स्टुलावर त्याच्या उजव्या हाताला बसल्या होत्या, त्याचं मनगट धरून. कानाशी वाकून त्या पोलिश भाषेत हळू आवाजात काही विचारत होत्या. पुन्हा पुन्हा तेच वाक्य. आणि पद्माकरचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण बाई थांबल्या की ओठ हलायचे, आणि बाई बोलायला लागल्या की थांबायचे.

सुलक्षणाने दार ढकललं. "बाई, काय चाललंय?"

बाईंनी मनगट सोडलं नाही. "तू खोटा बोललास, पानी सुला. त्या दिवशी. तो झोपला होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घोरणं ऐकला. पण वाटलं, इंग्लंडमध्ये कुठे असं होतंय. पाइप सापडला त्या दिवशी कळला."

"दीड महिना झाला त्याला!" सुलक्षणा ओरडली. "यावर काही उपाय नाही?"

"आहे."

"मग केला का नाही?"

म्हातारीने इंग्लिशमध्ये, अधेमध्ये कोल्हापूरच्या बाजारातला शब्द घालत सांगितलं. बेचाळीस साल. रशियाच्या पार दक्षिणेला, उझबेकांच्या मुलखात, आगगाडीतून उतरवलेली पोलिश माणसं. टायफसचा ताप. तिला वीस दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा शेजारी पोटची पोर नव्हती. दोन वर्षांची, झोशा नाव. स्टॅनने तिला पुरलं होतं. कुठे, ते त्याने कधी सांगितलं नाही. त्याला सैन्यात नेलं, तिला इराणमार्गे हिंदुस्थानात. सहा वर्षांनी भेटल्यावर तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सगळा चिखल होता. पुढे चाळीस वर्षं विचारलं की उठून रानात जायचा.

"मी रोज विचारतो," बाई म्हणाल्या. "हा उठला की काय सांगतो? वाटाणा सांगतो. कुदळ सांगतो. मेला तरी तसाच आहे, रानातलाच बोलतो." तिने वर पाहिलं. डोळे कोरडेच होते. "अजून एक दिवस दे, पानी सुला. उद्या नाही विचारणार."

सुलक्षणाला त्या क्षणी तिला ढकलून द्यावंसं वाटलं, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने मांडणीवरची स्टीलची वाटी घेतली, पद्माकरच्या नाकाशी धरली. वाट पाहिली. मग ती वाटी बाईंच्या डोळ्यांपुढे धरली. वाटीत बाईंचं स्वतःचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

बाईंचा हात सुटला. त्या कुबडीवर जोर देऊन उठल्या. उजव्या बाजूला नीट उभ्या राहिल्या, ॲप्रन सारखा केला. तोंड उघडलं, पण शब्द येईना. सुलक्षणाच्या तेव्हा लक्षात आलं, मालक गेला हे वाक्य या बाईने अजून एकदाही उच्चारलेलं नाही. कोंबड्यांना, माश्यांना, बियांना सांगितलं ते आपण. पाद्र्याला फोन केला तोही आपणच.

बाईंनी आधी पोलिशमध्ये म्हटलं. आवाज फाटला. मग इंग्लिशमध्ये. पद्माकर हलला नाही. मग त्या त्याच्यावर वाकल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाल्या:

"पद्माकर. तुझा मालक मेला. त्याचा काम संपला. मी मालकीण, मी सांगतो. तुला सुट्टी."

चुलीतला कोळसा फुटला. पद्माकरने बुडालेला माणूस वर येताना घेतो तसा मोठा श्वास आत ओढला, घोंगडी खाली पडली, आणि तो खुर्चीचे हात धरून खोकत राहिला. खोकताना तोंडातून थोडं गढूळ पाणी आलं. सुलक्षणा त्याची पाठ चोळत होती, नाव घेत होती. बऱ्याच वेळाने त्याने दोघींकडे पाहिलं.

"मला काढलं?" तो म्हणाला.

"सुट्टी दिली," सुलक्षणा म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. हाताचे तळवे त्याने मांडीला पुसले. "बाई, एक काम राहिलं त्याचं," तो खाली बघत म्हणाला. "रोज तेच सांगायचा शेवटी. बाईला दाखव, म्हणायचा. मला सापडेना, म्हणून बोललो नाही. आधी शोधावं, मग सांगावं म्हटलं. कालव्याच्या काठाला दोन तुतीची झाडं. दुसऱ्या तुतीपासून सात पावलं, उगवतीकडे. वर चपटा दगड. मी सगळा ओढा पालथा घातला, हातांनी उकरलं. इथं तुतीच नाही. कुठला पाइप म्हणत होता कोण जाणे."

मल्बेरी, त्याने इंग्लिशमध्येही सांगितलं, बाईंना कळावं म्हणून. पण बाई केव्हाच फरशीवर बसल्या होत्या. मोडक्या कमरेने कशा बसल्या, देव जाणे. दोन्ही हात फरशीवर पसरून, गारठा तपासावा तशा. आणि आता रडत होत्या, आवाज न करता, अंग गदागदा हलवत. पद्माकर घाबरून म्हणाला, "अगं, काय बोललो मी?"

सुलक्षणाने त्याला झोशाचं दुसऱ्या दिवशी सांगितलं, लीकची रोपं लावता लावता. तो ओळीत उकिडवा बसला. मग दोन्ही हात नाकाशी नेऊन त्याने त्यांचा वास घेतला.

पुढे त्याला रानातलं काही म्हणता काही आठवेना. वाटाण्याच्या वाफ्यात त्याने बीट पेरलं, जूनमध्ये दुसरा पाइप खोऱ्याने फोडला. शेजारच्या शेतकऱ्याने त्याला मातीतला माणूस म्हणणं सोडलं. पण सकाळी साडेपाचला तो आपला आपण उठायचा. सप्टेंबरात बाईंनी रान विकलं आणि त्या त्यांच्या लोकांच्या वृद्धाश्रमात गेल्या. सुलक्षणा आणि पद्माकर परत कॉव्हेंट्रीला आली. त्याला पावाच्या बेकरीत पहाटेची पाळी मिळाली.

एक नोव्हेंबरला बाईंनी दोघांना दफनभूमीत बोलावलं. त्या दिवशी पोलिश माणसं आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. दुपार उतरली होती, रिमझिम नुकतीच थांबलेली. काचेच्या तांबड्या-निळ्या पणत्या ओळीने मिणमिणत होत्या आणि माणसं कुजबुजत, पानं झाडत होती. स्टॅनचा नवा दगड उभा होता. त्यावर त्याचं नाव, आणि खाली लहान अक्षरात दुसरं नाव, दोन सालं: चाळीस, बेचाळीस. बाईंनी पिशवीतून एक मोठा दिवा काढला, एक लहान. मोठा लगेच लागला. लहान लागेना; तीन काड्या वाऱ्याने विझवल्या.

पद्माकर गुडघ्यांवर बसला. त्याने कोट पसरून आडोसा केला आणि दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत दिवा धरला. चौथी काडी सुलक्षणाने ओढली. ज्योत लागली, लवली, पुन्हा उभी राहिली. त्याने हात काढून घेतले आणि कोट सावरत बाजूला सरकून बसला. तरी ज्योत हलली नाही. शेजारच्या थडग्यांवरचे सगळे दिवे वाऱ्याने एका अंगाला लवले होते. हा एकच सरळ उभा होता, कुणी अजून ओंजळीत धरल्यासारखा.

तिघांनीही ते पाहिलं. पद्माकरने मागे सरून बाईंना पुढे जायला वाट दिली.